टर्नर लक्षणसमूह : स्तनविकास आणि देहसमाधान

एका एक्स गुणसूत्राच्या पूर्ण वा अंशतः अभावामुळे अंडाशय अकार्यक्षम राहिलेल्या स्त्रियांतील स्तनांची वाढ आणि त्यांचे स्वतःच्या शरीराविषयीचे समाधान. अमेरिकन वैद्य हेन्री टर्नर यांनी 1938 मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. गुणसूत्रीय कारण 1959 मध्ये उघड झाले (पहा : गुणसूत्र). जन्मणाऱ्या सुमारे 2,000 ते 2,500 मुलींपैकी एकीत ही अवस्था आढळते.

बहुतेकींत ईस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक पुरेसे तयार होत नसल्याने स्तनवाढ आपोआप सुरू होत नाही. काहींत ती सुरू होऊन थांबते. साधारण 11–12 व्या वर्षी ईस्ट्रोजेन अल्प मात्रेत सुरू करून ते दोन-तीन वर्षांत वाढवतात. प्रोजेस्टेरॉन नंतर देतात, कारण घाई केल्यास स्तनवाढ अपुरी राहण्याचा संभव असतो (पहा : संप्रेरके). पूर्वी उंची वाढावी म्हणून ईस्ट्रोजेन सुरू करणे पुष्कळदा लांबवत. त्यात समवयस्क मुलींच्या मागे पडण्याचा मानसिक भार दुर्लक्षिला गेला. म्हणूनच उपचाराचे यश केवळ टॅनर श्रेणीने (यौवनातील शारीरिक वाढीच्या टप्प्यांच्या मापाने) ठरवणे अपुरे आहे. श्रेणी पूर्ण होऊनही आकार, कमी उंची किंवा रुंद छाती यांमुळे असमाधान राहू शकते. समाधान व्यक्तिनिष्ठ असल्याने मोजता येत नाही, हा आक्षेप टिकत नाही. त्यासाठी प्रमाणित प्रश्नावल्या आहेत. ईस्ट्रोजेन मुख्यतः हाडे व गर्भाशयासाठी असते, म्हणून देहसमाधान गौण आहे, हा आक्षेप अंशतः खरा आहे (पहा : अस्थिसुषिरता). परंतु हे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि ते नियमित घेणे स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेवर अवलंबून असते. तेव्हा तिला आपले शरीर कसे वाटते, ही वैद्यकीय माहितीच ठरते.