मिराशी पत्ता, उपरी पत्ता

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरी उतरून एखाद्या घरी राउटर बसवावयास घेतला, की पत्ता 'स्टॅटिक' की 'ऑटोमॅटिक' असा जो प्रश्न पडद्यावर उभा राहतो, तो दिसावयास नवा असला, तरी आमच्या जमाबंदीच्या दप्तरास मुळीच अपरिचित नाही. कारण वंशपरंपरेने जमीन धारण करणारा मिरासदार आणि मुदतीच्या कौलावर ती कसणारा उपरी, हा पेशवाईतील भेदच येथे आकड्यांच्या वेषात अवतरला आहे.

जॉन पोस्टेल यांनी संपादिलेला 'इंटरनेट प्रोटोकॉल'चा, म्हणजे आयपीचा, मसुदा सप्टेंबर 1981 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 32 बिटांच्या सुमारे 429 कोटी पत्त्यांचे शिवार आखले गेले. 1 जानेवारी 1983 रोजी इंटरनेटचे पूर्वज असलेल्या आर्पानेट जाळ्याने ही पद्धती स्वीकारली, तेव्हा बहुतेक यंत्रे मिरासदारच होती. व्यवस्थापकाने प्रत्येकापाशी जाऊन स्वहस्ते आकडा भरावा, असा रिवाज होता. डिस्क नसलेली यंत्रे चालू होताना स्वतःचे नावगावही जाणत नसत. त्यांच्यासाठी 1985 मध्ये 'बूटपी' आला. यंत्राने हाक द्यावी आणि सर्व्हरने खातेवही पाहून पत्ता सांगावा, एवढी सोय झाली. परंतु नोंद आगाऊ करणे भागच होते. ऑक्टोबर 1993 मध्ये राल्फ ड्रॉम्स यांच्या 'डीएचसीपी'ने पत्त्यास मुदत लावली, आणि खरा उपरी जन्मास आला.

घरात मोबाईल शिरताच तो पुकारा करतो, राउटर एक पत्ता देऊ करतो, मोबाईल तो मागून घेतो आणि राउटर शिक्कामोर्तब करतो. कौल 24 तासांचा असेल, तर 12 तास सरताच मोबाईल नूतनीकरणाचा अर्ज धाडतो. तो न आल्यास मुदतीअंती पत्ता पुन्हा सरकारजमा होतो. प्रिंटरचा पत्ता मात्र असा बदलू लागला, तर संगणक जुन्याच ठिकाणी कागद धाडीत बसतो. म्हणून त्यास 192.168.1.10 अशी मिरास द्यावी, उपऱ्यांसाठी अखेरच्या जागी 100 ते 199 हे आकडे राखावेत, आणि दोन्ही हद्दी एकमेकींत शिरू देऊ नयेत; अन्यथा एकाच सातबाऱ्यावर दोन दावेदार उभे राहतात.

आणि कौल वाटणाऱ्या राउटरचा घरातील पत्ता स्थिरच असावा लागतो. लाँचमध्ये कोणाची जागा ठरलेली नसते. ज्यास जेथे मिळेल तेथे तो बसतो, उतरताना सोडून जातो. धक्का मात्र जागचा हलून चालत नाही.