टिळकांचं नापास वर्ष आणि आमची दहावी

"काका, टिळकसुद्धा नापास झाले होते!"

परवा मालवणला घरी गेलो तेव्हा पुतण्यानं हे अस्त्र काढलं. स्वारी यंदा दहावीत. डिसेंबरात चिवल्याच्या किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा असते, तिच्यासाठी रोज सकाळी पाण्यात. वहिनींचा हुकूम सुटला होता, "ह्या वर्षी दर्याचा नाव नको. दहावी आसा." आणि पंच म्हणून दोघांनी मला धरलं!

आता टिळकांचं नाव निघालंच आहे तर गोष्ट पूर्ण सांगायला हवी. १८७२ साली वडील गेले, त्याच वर्षी हा रत्नागिरीत जन्मलेला मुलगा मॅट्रिक झाला आणि १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात आला. प्रकृती अगदीच किरकोळ. त्यानं ठरवलं, पहिलं वर्ष शरीराला द्यायचं. तालीम, पोहणं, नदीत नाव वल्हवणं... आणि परीक्षा गेली. पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. आणि १८७९ साली एल.एल.बी. १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात मधुमेह सांभाळत गीतारहस्य लिहिलं, त्याचं भांडवल त्या एका वर्षात जमा झालं असं आपल्याकडे नेहमी सांगितलं जातं.

पण पुतण्या एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. टिळकांनी अभ्यास आणि व्यायाम यांत एकच निवडलं, आणि नापास झाले. म्हणजे दाखला खरं तर वहिनींच्या बाजूचा!

औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचा दाखला मला जास्त पटतो. त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. सक्ती मला आवडत नाही, पण शरीर हा शाळेच्या वेळापत्रकाचाच भाग आहे हे त्या राजाला कळलं होतं. आमच्या वेळी पी.टी.चा तास म्हणजे गणिताच्या सरांना पोर्शन संपवायला मिळालेला जादा तास.

मग जरा शोधाशोध केली. २००९ साली स्वीडनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५० ते १९७६ दरम्यान जन्मलेले, सैन्यभरतीसाठी तपासलेले बारा लाखांहून जास्त तरुण. अठराव्या वर्षी ज्यांचा दम चांगला, ते बुद्धीच्या चाचण्यांत सरस होते आणि पुढे शिकलेही जास्त. गंमत म्हणजे नुसत्या ताकदीचा असा संबंध दिसला नाही, दमाचा दिसला. पंधरा ते अठरा या वयात ज्यांचा दम वाढला, त्यांच्या चाचण्याही चांगल्या गेल्या. जुळ्या भावांतही हा फरक बव्हंशी आनुवंशिक नव्हता. अर्थात सगळे मुलगेच होते, आणि असल्या अभ्यासावरून 'पोहल्यामुळे मार्क वाढतात' असं छातीठोक म्हणता येत नाही. पण पंधरा हे वय वाचून मी थबकलो. दहावीचंच वय की हो.

आमचे बाबा कुंभारमाठहून मालवणच्या शाळेत चालत यायचे, दोन्ही वेळचा मिळून चांगला तास-सव्वा तास. त्यांना कुणी व्यायाम सांगितला नाही, रस्त्यानंच करून घेतला. पुतण्याला शाळेत आणि क्लासला स्कूटरवरून सोडतात.

पण म्हणून जुन्या काळाचे गोडवे गायला मी तयार नाही. माझ्या वर्गात रापण ओढणारी दोन मुलं होती. त्यांच्याइतका दम कुणाला नव्हता. दोघांची शाळा सातवीनंतर सुटली, घरी हात हवे होते म्हणून. दम असून शिक्षण मिळत नाही, घरची परवानगी लागते. आमच्या पुतण्याला ती आहे. २०१२ मध्ये कोकण बोर्ड वेगळं झालं तेव्हापासून दहावीच्या निकालात आपला विभाग सतत पहिला, त्यामुळे घरोघरी मार्कांचा धाकही तेवढाच.

माझी कबड्डी दहावीच्या जूनमध्ये बंद झाली. वाचलेल्या वेळात मी अभ्यास केला असं घरच्यांना अजून वाटतं. खरं सांगू? पुस्तक पुढ्यात घेऊन मी झोपायचो. मार्क बरे पडले, पण कबड्डी परत सुरू झाली नाही ती नाहीच, आणि आज जिना चढताना ती आठवते. (ताई, हे वाचून आईला फोन करू नकोस.)

असो. हे सगळं वहिनींपुढे मांडलं. त्यांनी स्वीडनला भीक घातली नाही, टिळकांनाही नाही. रापणकर पोरांच्या गोष्टीवर मात्र गप्प झाल्या. मग म्हणाल्या, सकाळी पाऊण तास, डिसेंबरपर्यंत. सहामाहीत मार्क घसरले तर बंद. आणि क्लासला चालत जायचं.

"पण तेका एकट्याक सोडूचंय नाय."

त्यामुळे ही सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी सहा वाजता शिट्टी आणि टॉवेल घेऊन चिवल्यावर उभं राहायचं काम माझ्याकडे आलंय.