कॉर्व्हेअरच्या पोटाखालचा पाटा

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावातली एम्पी नावाची कंपनी एक लोखंडी पाटा विकत असे. ट्रकच्या मागच्या चाकांवर पाट्यांची चवड असते, त्यातला एकच काढून घ्यावा असा. तो गाडीच्या पोटाखाली आडवा बसायचा. मध्यभाग गिअरबॉक्सच्या खाली, दोन टोकं दोन्ही मागच्या चाकांकडे. त्याचं नाव 'कॅम्बर कॉम्पेन्सेटर'. कंपनीचा मालक ज्यो व्हिटोन हा फोक्सवॅगनचा डीलर होता, त्यामुळे बीटलसाठी हा पाटा असणं स्वाभाविकच. पण तो आणखी एका गाडीसाठी मिळत असे: शेव्हर्लेची कॉर्व्हेअर.

कॉर्व्हेअरची गोष्ट एरवी राल्फ नेडरपासून सुरू करतात. एक तरुण वकील, एक पुस्तक आणि जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी. त्या गोष्टीत नाट्य भरपूर आहे. पण मला ती या पाट्याच्या बाजूने वाचायला आवडते, कारण नेडरचं पुस्तक यायच्या कितीतरी आधी गाडीतला दोष आणि त्यावरचा उपाय, दोन्ही काउंटरवर विकायला होते.

दोष कुठला? कॉर्व्हेअर १९५९च्या ऑक्टोबरात बाजारात आली. अमेरिकन गाड्यांत तेव्हा अजब वाटावं असं तिचं हवेवर थंड होणारं सहा सिलिंडरांचं इंजिन मागे होतं. गाडीचं साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर. आणि ती चाकं 'स्विंग अ‍ॅक्सल'वर. ही कल्पना जुनीच, एडमुंड रुम्पलरने १९०३ साली तिचं पेटंट घेतलं होतं. चाकाचा दांडा फक्त आतल्या टोकाला, डिफरन्शियलपाशी, बिजागरीसारखा हलतो. बाहेरच्या टोकाला चाक दांड्याशी पक्कं काटकोनात. त्यामुळे चाक वरखाली झालं की ते कलतंसुद्धा. आपल्याकडे मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ज्यांनी जॅकवर चढवलेली पाहिली असेल, त्यांना तिची मागची चाकं पाय आत दुमडल्यासारखी लोंबताना आठवतील. तोच प्रकार.

जॅकवर हे दृश्य गमतीचं दिसतं. वळणावर तसं राहत नाही. गाडी जोरात वळली की रस्ता बाहेरच्या चाकाला आतल्या दिशेने ढकलतो. दांड्याचं आतलं टोक जमिनीपासून उंच, म्हणून ढकललेलं चाक गाडीचा मागचा भाग वर उचलू लागतं, बांबूवर उडी घेणाऱ्या खेळाडूसारखं. मागचा भाग वर गेला की दांडा आणखी तिरका होतो, चाक आणखी आत दुमडतं आणि रस्त्यावर टायरची फक्त कड उरते. मग जड शेपूट सुटते. सरावलेला ड्रायव्हर वळणात अ‍ॅक्सलरेटरवरचा पाय एकदम काढत नाही. घाबरलेला नेमकं तेच करतो.

एम्पीचा पाटा या उडीलाच अडवायचा. बीटलमध्ये त्याची टोकं अ‍ॅक्सलच्या नळ्यांखाली येत. मध्यभाग एका खिळीवर सी-सॉसारखा हलता. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं तर पाटा नुसता झुलतो, काही करत नाही. पण गाडी उचलली जाऊन दोन्ही चाकं एकदम लोंबू लागली, की तो खालून त्यांना धरून ठेवतो. बसवायला फारसं काही लागत नसे. गाडी मागून उचलून स्टँडवर घ्यायची, मधला कंस गिअरबॉक्सखाली बोल्टने आवळायचा आणि अ‍ॅक्सल जॅकने थोडे वर घेऊन टोकं जागेवर आणायची. एका शनिवारचं काम. बॉडी कापायची नाही, वेल्डिंग नाही.

खरा प्रश्न निवडीचा होता. वळणावर गाडी कलते, म्हणजे मागे जाड अँटीरोल बार लावावा, असं कुणालाही वाटेल. या गाडीत तो अगदी उलटा उपाय. मागचा बार वळणातलं जास्त ओझं मागच्या बाहेरच्या चाकावर टाकतो, म्हणजे जे चाक आधीच दुमडण्याच्या बेतात आहे त्याच्यावरच. बार हवा तो पुढे. आखूड स्प्रिंगा लावून गाडी मागून खाली बसवली तर चाकं सुरुवातीपासूनच वरच्या बाजूला आत झुकलेली राहतात आणि दुमडायला वेळ लागतो. मात्र टायर आतल्या कडेने झिजतात आणि प्रवास दणकट होतो. अ‍ॅक्सलला पट्टे बांधून चाक ठरावीक मर्यादेखाली जाऊच न देणं, हाही एक मार्ग. ज्याला दांडा, खिळी आणि ओझं यांचा हिशोब कळत होता, तो यातलं योग्य ते निवडत होता.

शेव्हर्लेलाही हा हिशोब कळत होता. १९६२ साली कॉर्व्हेअरची टर्बोवाली, दीडशे हॉर्सपॉवरची मॉन्झा स्पायडर आली. त्याच वर्षी आरपीओ ६९६ या क्रमांकाने जास्तीचे पैसे भरून मिळणारं एक सस्पेन्शन यादीत आलं: पुढे अँटीरोल बार, वेगळ्या स्प्रिंगा, वेगळे शॉकअप आणि मागच्या अ‍ॅक्सलला ते पट्टे. एम्पीच्या गिऱ्हाइकाने जे शोधून काढलं तेच कारखान्याच्या कागदावर, पण फक्त मागणाऱ्याला. पोर्शने १९६०च्या सुपर ९०वर भरपाईचा पाटा कारखान्यातच बसवून दिला होता. तीही मागे इंजिन आणि स्विंग अ‍ॅक्सल असलेली गाडी.

न मागणाऱ्यासाठी शेव्हर्लेचा उपाय होता हवा. पुढच्या टायरांत १५ पौंड, मागच्यांत २६. पुढची पकड मुद्दाम कमी ठेवली की शेपूट उशिरा सुटते. तांत्रिकदृष्ट्या यात चूक काही नाही. पण पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याला चार टायरांत सारखी हवा भरायची सवय असते, हे कुठल्याही गाडीमालकाने सांगितलं असतं. शर्यतीची हौस असलेल्याच्या गाडीखाली पाटा होता. पोरांना शाळेत सोडणाऱ्याच्या सुरक्षिततेचा भार त्या पोऱ्याच्या हातातल्या नळीवर.

१९६४च्या मॉडेलमध्ये कंपनीने अखेर मागे आडवा पाटा आणि पुढे अँटीरोल बार सगळ्याच गाड्यांना दिला. हा पाटा एम्पीच्या पाट्यासारखा अडवणारा नव्हता, तो गाडीचं काही वजन स्वतः उचलत होता. त्यामुळे मागच्या मुख्य स्प्रिंगा मऊ करता आल्या, आणि गाडी कलण्याला होणारा विरोध मागून पुढे सरकला. शेव्हर्लेचे नवे प्रमुख बंकी नडसन यांनी या बदलासाठी राजीनाम्याची धमकी दिली होती, असं जॉन डिलोरियन यांच्या आठवणींत आहे. वरिष्ठांना जड वाटत असलेला खर्च त्यांनी दिला आहे गाडीमागे १५ डॉलर. १९६५ला तर स्विंग अ‍ॅक्सलच गेला. दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे आले आणि कॉर्व्हेअर फार छान वळू लागली.

आणि मग, ३० नोव्हेंबर १९६५ला, नेडरचं पुस्तक आलं. पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर. जनरल मोटर्सने त्याच्यामागे खासगी गुप्तहेर लावले, ते उघडकीला आलं, आणि मार्च १९६६मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली. त्याच सप्टेंबरात अमेरिकेत मोटारसुरक्षेचा कायदा झाला. सुधारलेली कॉर्व्हेअर जुनीच्या बदनामीत बुडाली आणि १९६९च्या मे महिन्यात बंद पडली.

कॉर्व्हेअरचे चाहते यानंतर १९७२चा सरकारी अहवाल पुढे करतात. वाहतूक सुरक्षा खात्याने १९६० ते ६३च्या कॉर्व्हेअरच्या चाचण्या घेतल्या आणि ती समकालीन गाड्यांपेक्षा वाईट नाही, असा निष्कर्ष काढला. अहवाल प्रामाणिक आहे, आणि नेडरने गाडीला राक्षस बनवलं हेही मला पटतं. पण तुलनेला कुठल्या गाड्या घेतल्या होत्या ते पाहावं. फोर्ड फाल्कन होती, प्लिमथ व्हॅलियंट होती, एक रेनॉ होती, आणि फोक्सवॅगन बीटल होती. तीच बीटल, जिच्यासाठी रिव्हरसाइडच्या त्याच दुकानात तोच पाटा मिळत होता.