देणगीफलकावरील अरुंद अक्षर

जीर्णोद्धार म्हणजे केवळ विटा, सिमेंट व कळस नव्हे. काम पूर्ण झाले की सभामंडपात देणगीदारांचा फलक लागतो, आणि पुढे कित्येक पिढ्या तो वाचल्या जातो. भातकुली पंचक्रोशीतील देणगीदारांना या फलकावरील अरुंद, उभट अक्षराचा इतिहास ठाऊक असावा, या हेतूने तो येथे थोडक्यात देत आहोत.

सन १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शिळाप्रेसचे अक्षर हाताने लिहिलेले असे. जागेप्रमाणे ते सैल वा दाट करता येई. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने शिशाचे सुबक खिळे प्रचारात आणले. परंतु खिळ्याची रुंदी एकदा ठरली की ठरली. त्यामुळे मोठे मथळे, नाटकांच्या जाहिराती व दुकानांच्या पाट्या यांसाठी हातच लागत असे. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील अक्षरे ज्यांनी घरोघरी पोचविली, ते कमल शेडगे (१९३५–२०२०) याच हाताच्या परंपरेतले.

देणगीफलकावर तर जागेची टंचाई नेहमीचीच. संपूर्ण नाव, गाव, ‘कै. वडिलांचे स्मरणार्थ’ आणि रक्कम, हे सर्व एका ओळीत बसवावयाचे असते. रुंद अक्षर घेतले तर वडिलांचे नाव गळते, नाहीतर ओळ बारीक होते. ५१ रुपये देणाऱ्याचे नाव ५००१ रुपये देणाऱ्याच्या नावाएवढेच ठसठशीत दिसावे, ही सोय अरुंद अक्षराने केली.

हे अक्षर काढणे सोपे नाही. जाणता पेंटर प्रथम खडूने वरची व खालची रेघ आखतो, ओळीतील अक्षरे मोजतो, वर वेलांटी व रफारास, खाली उकारास जागा राखतो. मग अक्षरांचे पोट आवळतो. उभ्या दांड्याची जाडी मात्र सांभाळतो. फाजील आवळले तर ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ वाचल्या जातो, व माणसाचे नावच बदलते.

आता फलक बहुधा फ्लेक्सवर होतात. संगणकावर रुंद अक्षर बाजूंनी दाबले की उभे दांडे किडकिडीत होतात, आडव्या रेघा जाडच राहतात आणि नाव लांबून लागत नाही. यावर उपाय आहे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली ‘टेको’ व ‘खंड’ हे मुळातच अरुंद रेखाटलेले देवनागरी टाइप प्रसिद्ध केले. ते विनामूल्य मिळतात.

फलक पेंटरने रंगविलेला असो वा छापलेला, तो लावण्यापूर्वी प्रत्येक नाव त्या घरच्या माणसाकडून वाचून घ्यावे. उत्सवाला आलेला नातू फलकापुढे उभा राहून आजोबांचे नाव शोधतो. ते त्याला बिनचूक सापडावे, हीच ग्रामदैवताचे चरणी प्रार्थना.