गाडीच्या नाकातली वायर

विनिपेगच्या मुक्कामातले फोटो मागे इथे टाकले होते. त्यावर बऱ्याच जणांचे प्रश्न आले. नदीवरून खरंच चालता येतं का, एवढ्या बर्फात भाजी कुठून येते, वगैरे. पण सगळ्यात जास्त चौकशी झाली ती एका भलत्याच गोष्टीची. मुलाच्या घरासमोर उभ्या असलेल्या गाडीच्या पुढच्या जाळीतून एक वायर बाहेर आलेली दिसते आणि तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग लोंबकळतोय. नाशिकच्या वहिनींनी लगेच विचारलं, "गाडी विजेवर चालते का हो?" नाही वहिनी, गाडी पेट्रोलचीच आहे. ती वायर आहे इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची. तिथे त्याला ब्लॉक हीटर म्हणतात. इंजिनाचा जो ओतीव बिडाचा (हल्ली ॲल्युमिनियमचा) मुख्य ठोकळा असतो तो ब्लॉक, आणि त्याला ऊब देणारा तो ब्लॉक हीटर. रात्री गाडी उभी केली की प्लग भिंतीतल्या सॉकेटला लावायचा आणि सकाळी काढून निघायचं. आपण म्हशीला रात्री गोठ्यात बांधतो ना, तसंच दिसतं ते!

उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण मी पडले इतिहासाची मास्तरीण. हे कोणी काढलं, का काढलं, त्याआधी लोक काय करत होते, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. शोधताना जे हाती लागलं ते गाडीपेक्षा विजेच्या तारांबद्दल जास्त होतं, म्हणून हा लेख.

आधी थंडीबद्दल थोडं. विनिपेगला जानेवारीत रात्री उणे तीस होणं ही काही बातमी नव्हे. कधी उणे चाळीसलाही पोचतं. (उणे चाळीस हा मोठा गमतीचा आकडा आहे. तिथे सेल्सियस आणि फॅरनहाइट एक होतात. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर हे गणित मुलांना हमखास घालत.) अशा थंडीत इंजिनाचं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, त्यामुळे ते फिरवायला जास्त जोर लागतो. नेमका त्याच वेळी बॅटरीचा जोर ओसरतो. उणे अठराला तो जेमतेम निम्मा उरतो. त्यात पेट्रोलची वाफही नीट होत नाही. म्हणजे तीनही बाजूंनी कोंडी. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर आणखी एक संकट. पाण्याचं बर्फ झालं की ते सुमारे नऊ टक्के फुगतं आणि बिडाचा ठोकळा सरळ तडकतो.

मोटारगाड्या अमेरिकेत आणि कॅनडात खेड्यापाड्यांत पोचल्या तेव्हा लोकांनी यावर काय केलं? जे हाताशी होतं ते. रात्री पाणी काढून टाकायचं, सकाळी चुलीवर तापवून पुन्हा ओतायचं. ऑइलसुद्धा भांड्यात काढून घरात शेगडीजवळ ठेवायचं. कोणी निखारे फावड्याने ओढून इंजिनाखाली सरकवत. उत्तरेकडच्या जंगलात विमानं उडवणारे वैमानिक तर हे रोजच करत. उतरल्याबरोबर आधी ऑइल काढायचं, सकाळी इंजिनावर कॅनव्हासचा तंबू टाकायचा आणि खाली शेगडी पेटवायची. एकाने हातात फडकं आणि बादली घेऊन उभं राहायचं, कारण पेट्रोलच्या टाकीजवळ आग म्हणजे काय ते सांगायला नको.

चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडल मारायची कटकट गेली. माझ्या वयाच्या वाचकांना हँडल मारून चालू होणारे ट्रक आठवत असतील. हँडल उलटं फिरलं की मनगट गेलंच. १९२७ मध्ये प्रेस्टोन नावाचं, पाणी गोठू न देणारं द्रव बाजारात आलं. त्यामुळे ठोकळा तडकायचा धोका कमी झाला. पण घट्ट ऑइल आणि मलूल बॅटरी तशीच राहिली. सेल्फ-स्टार्टर बॅटरीवर चालणारा, तेव्हा थंडीत तोच पहिला हात टेकायचा.

या दुखण्याची सगळ्यात मोठी परीक्षा झाली १९४१ च्या हिवाळ्यात, मॉस्कोच्या वेशीवर. जर्मनांचे रणगाडे आणि ट्रक सकाळी सुरू होईनात. सैनिक इंजिनाखाली आग पेटवत, नाहीतर रात्रभर थोड्या थोड्या वेळाने इंजिन चालू ठेवत आणि आधीच कमी असलेलं इंधन त्यात जाळत. थंडीमुळे हिटलर हरला असं सोपं वाक्य मुलं उत्तरपत्रिकेत लिहीत आणि मी त्याला अर्धाच गुण देत असे, कारण रशियन सैन्य लढलं म्हणून तो हरला. पण न सुरू होणाऱ्या इंजिनांचा त्यात वाटा होता हे खरं.

आगीचा हा उपाय काही इतिहासजमा झालेला नाही. आपल्या लडाखमध्ये ट्रकवाले हिवाळ्यात गाडीखाली स्टोव्ह किंवा जाळ करताना दिसतात. मात्र तिथला रोग थोडा वेगळा आहे. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो, तो थंडीत गोठतो आणि नळ्या तुंबतात. त्यासाठी इंजिन तापवून भागत नाही, डिझेलच निराळं लागतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे तेहतीसपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी.

आता मूळ माणसाकडे येते. विनिपेगहून दक्षिणेला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, सरहद्दीपलीकडे, नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स नावाचं गाव आहे. मिनियापोलिसहून गाडीने विनिपेगला जाताना ते वाटेत लागतं. इथल्या अँड्र्यू फ्रीमन या गृहस्थांना ८ नोव्हेंबर १९४९ रोजी इंजिनाच्या विजेच्या हीटरचं पेटंट मिळालं. पहिला नमुना त्यांनी भंगारातली तांब्याची नळी आणि जुन्या इस्त्रीतलं एलिमेंट वापरून बनवला असं सांगतात.

मला जास्त मोलाची वाटली ती त्यांची नोकरी. फ्रीमन कुठल्या मोटार कंपनीत नव्हते. मिन्कोटा पॉवर को-ऑपरेटिव्ह या वीज सहकारी संस्थेचे ते अनेक वर्षं व्यवस्थापक होते. सहकारी! आपण सहकार म्हटला की साखर कारखाना आणि दूध डेअरी डोळ्यांपुढे आणतो. अमेरिकेत शेतकऱ्यांनी सहकारातून वीज आणली. १९३५ च्या सुमारास तिथे दहा शेतघरांपैकी एकाच घरी वीज होती. अमेरिकेत! मला हे वाचून धक्काच बसला होता. खाजगी कंपन्यांचं म्हणणं असं की मैलभर तार ओढायची आणि शेवटी दोन घरं, हे परवडत नाही. रूझवेल्ट यांनी मे १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, १९३६ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि शेतकऱ्यांच्या संस्थांना स्वस्त कर्ज मिळू लागलं. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहापैकी नऊ शेतघरांत दिवे लागले होते. नॉर्थ डकोटा यात फार मागे होतं. घरं लांब लांब आणि थंडी ही अशी.

आता जुळवून पाहा. ब्लॉक हीटर ही काही फार अवघड कल्पना नाही. एलिमेंट इस्त्रीत होतं, किटलीत होतं. मग ते इंजिनात घालायला १९४९ का उजाडलं? कारण ज्याला त्याची सर्वात जास्त गरज होती, त्या एकाकी शेतातल्या माणसाच्या अंगणात तोवर सॉकेटच नव्हतं. शहरातला माणूस ट्रामने जाईल, शेजाऱ्याला हाक मारेल. शेतावरच्या माणसाची गाडी उणे तीसला सुरू झाली नाही तर दूध गावात पोचणार नाही. घरात बाळंतीण अडली असेल तर डॉक्टर वीस मैलांवर. घोडे तर तोवर विकून झालेले. गाडीने माणसाला जवळ आणलं होतं आणि हिवाळ्याने दर वर्षी चार महिने पुन्हा लांब नेलं होतं.

फ्रीमन यांचा यात थोडा स्वार्थही असावा, असा माझा आपला तर्क आहे. वीज संस्थेला तारा टाकायचं कर्ज फेडायचं होतं. नुसते दिवे लावून किती वीज खपणार? रात्रभर चालणारा हीटर घरोघरी लागला तर संस्थेचंही भलं. त्यात मला काही गैर वाटत नाही. शेतकऱ्याची गरज आणि संस्थेचा खप एकाच सॉकेटात बसत असेल तर उत्तमच.

याचा आपल्याशी काय संबंध, असं कोणी विचारण्याआधीच सांगते. अमेरिकेतला हा ग्रामीण वीज सहकार १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्याच सहकारी वीज संस्थांच्या महासंघाच्या मदतीने भारतात आणला गेला. प्रयोग म्हणून पाच ठिकाणं निवडली, त्यातलं एक आपल्या तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, श्रीरामपूरकडचं. मुळा-प्रवरा वीज संस्था ती हीच. २०११ मध्ये तिचं काम महावितरणकडे गेलं. माझी सुरुवातीची काही वर्षं त्याच भागातल्या एका शाळेत गेली. संस्थेचं नाव विजेच्या बिलावर रोज बघितलेलं, पण तिच्या वंशावळीत नॉर्थ डकोटाचे भाऊबंद निघतील असं कधी मनातही आलं नव्हतं.

असो. फ्रीमन यांचा हीटर बसवायचा कसा, हे घरातल्या फिटर मंडळींसाठी. इंजिनाच्या ठोकळ्यावर एक झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. ते जाड बोल्टांनी आवळलेलं असतं. त्यातला एक बोल्ट काढायचा आणि त्याच्या जागी फ्रीमन यांचा पोकळ बोल्ट बसवायचा. पोकळीत एलिमेंट. म्हणून त्याचं नाव हेड बोल्ट हीटर. कल्पना सुरेख! ना भोक पाडायचं, ना पाणी काढायचं. पण बोल्टाचं मूळ काम हेड घट्ट धरून ठेवणं. प्रत्येक इंजिनाच्या बोल्टाची जाडी, लांबी, आटे निराळे, तेव्हा आपल्या गाडीच्या मापाचाच घ्यावा लागे. आवळणी कमीजास्त झाली तर हेडखालचं गॅस्केट गळायची भीती. शिवाय उष्णता आधी लोखंडाला आणि मग पाण्याला, असा लांबचा रस्ता.

पुढे त्याची जागा दुसऱ्या प्रकाराने घेतली आणि मुलाच्या गाडीत तोच आहे. बिडाचा ठोकळा ओतताना आत वाळूचा साचा असतो. ती वाळू बाहेर काढायला जी भोकं ठेवलेली असतात ती नंतर पत्र्याच्या गोल टोप्यांनी बंद करतात. त्यातली एक टोपी काढून तिथे हीटर बसवायचा, म्हणजे एलिमेंट थेट आतल्या कूलंटमध्ये बुडतं. पाणी तापवायची आपली विजेची कांडी असते ना, तोच प्रकार.

मुलाने तो गॅरेजमध्ये बसवून घेतला तेव्हा मी शेजारी स्टूल टाकून बसले होते. आधी थंड इंजिनातलं सगळं कूलंट काढलं. टोपीच्या एका कडेला ठोकून ती आडवी केली आणि पकडीने ओढून काढली. भोकाची कड घासून लख्ख केली, कारण तिथे गंज राहिला की गळती ठरलेली. मग हीटर आत सरकवून, एलिमेंट आतल्या भिंतीला टेकत नाही ना हे बघून स्क्रू आवळला. कूलंट पुन्हा भरलं, अडकलेली हवा काढली, गळतं का ते पाहिलं. मिस्त्री दोनदा बजावून म्हणाला, कूलंट भरल्याशिवाय प्लग लावायचा नाही, नाहीतर एलिमेंट जळतं. वायर गरम धुराड्यापासून आणि पंख्याच्या पट्ट्यापासून लांब बांधत बांधत पुढच्या जाळीपर्यंत आणली. एवढाच काय तो कारभार, तासा-दीड तासाचा.

याशिवाय पर्याय बरेच. ऑइलच्या खालच्या तबकाला बाहेरून चिकटवायची पॅड मिळते. रेडिएटरच्या रबरी नळीत बसणारा हीटर मिळतो. ऑइलची पातळी बघायच्या पट्टीऐवजी घालायची गरम कांडीही मिळते. शेवटची मला तरी पोरखेळ वाटली. तिची ताकद अगदीच थोडी आणि तिला चिकटलेलं ऑइल करपतं म्हणे. ठोकळ्यात बसेल असा, गाडीच्या कंपनीने त्याच इंजिनासाठी सांगितलेला हीटर घ्यावा हे बरं. छोट्या गाडीला चारशे-पाचशे वॅट पुरतात, मोठ्या ट्रकला हजाराच्या वर लागतात. आणि बाहेरची वायर अर्थिंगवाली, थंडीत न तडकणारी हवी, घरातली साधी चालत नाही.

विनिपेगमध्ये आता हे इतकं अंगवळणी पडलंय की ऑफिसांच्या वाहनतळांवर गाड्यांच्या रांगेपुढे सॉकेटांचे खांबच रोवलेले असतात. पुष्कळ गाड्यांना तर शोरूममधून निघतानाच वायर असते. उणे पंधराच्या खाली गेलं की लावायचं असा साधारण शिरस्ता. अलास्कातल्या फेअरबँक्ससारख्या गावी याचा आणखी एक फायदा ध्यानात आला. गारठलेलं इंजिन सुरू होताना विषारी धूर फार सोडतं आणि तिथे तो थंड हवेत खालीच साचून राहतो. इंजिन आधी तापवलेलं असलं की धूर कमी.

एक गंमत मात्र राहिली. फ्रीमन यांच्या काळी हीटर रात्रभर चालू ठेवत. आता तिथली वीज कंपनीच ग्राहकांना सांगते की रात्रभर लावू नका, टायमर घ्या. दोन-तीन तासांत इंजिन जेवढं तापायचं तेवढं तापतं, त्यापुढची ऊब नुसती हवेत जाते. हिशेब सोपा आहे. पाचशे वॅटचा हीटर दहा तास चालला तर पाच युनिटं, तीन तास चालला तर दीड. मुलाने पहाटे चारला सुरू होणारा टायमर लावलाय. साडेसातला तो निघतो तेव्हा शेजारच्या गाड्यांच्या टपांवर वीतभर बर्फ असतो आणि याच्या बॉनेटवर मधोमध एक ओला गोल!