नँड-द्वाराचे प्राधान्य : एक ऐतिहासिक टिपण

शिरपूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालय २००१ साली निघाले. अशा महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्याच्या हाती प्रथम येते ते बहुधा ‘७४००’ या क्रमांकाचे चौदा पायांचे संकलित मंडल, ज्यास व्यवहारात आय. सी. म्हणतात. त्यात दोन आदानांची चार नँड-द्वारे असतात. दोन्ही आदाने ‘१’ असतील तेव्हाच अशा द्वाराचे प्रदान ‘०’ होते. अँड व ऑर या सोप्या क्रिया सोडून मालिकेचा आरंभ नँडने का व्हावा?

याचे रूढ उत्तर असे की, एकाच क्रियेतून बूलीय बीजगणिताच्या सर्व क्रिया साधता येतात, हे शेफर यांनी १९१३ मध्ये सिद्ध केले व अभियंत्यांनी त्याचा लाभ घेतला. तर्कशास्त्र म्हणून हे निर्दोष आहे. इतिहास म्हणून मात्र अपुरे. कारण तोच गुण नॉर-द्वारातही आहे. किंबहुना अपोलो यानावरील मार्गदर्शक संगणक तीन आदानांच्या नॉर-द्वारांवरच उभारला होता. त्याच्या द्वारांत रोधक आणि ट्रांझिस्टर वापरले जात. अनेक ट्रांझिस्टर समांतर जोडले की त्यांपैकी कोणताही एक वाहू लागताच प्रदान खाली येते; म्हणजे नॉर आपोआपच मिळतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक संगणक सुमारे २,७०० निर्वात नलिकांचा होता. तेथे परिपथ रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असे. तयार आय. सी. आली आणि द्वाराचे अंतरंग दृष्टीआड झाले. शेफर यांच्यावर सारे श्रेय लादण्याची सवय त्यातूनच जडली असावी, असे मला वाटते.

१९६० नंतरच्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ‘७४००’ मालिका बाजारात आणली. तिच्या द्वारात प्रवेशालाच अनेक उत्सर्जकांचा एक ट्रांझिस्टर असतो. तो अँड घडवितो, पुढील टप्पा संकेत पुन्हा सबळ करताना त्यास उलटवितो, आणि नँड सिद्ध होतो. निव्वळ अँड हवा असल्यास आणखी एक उलटफेर करावा लागतो. त्याच मालिकेतील ‘७४७४’ स्मृतीसाठी, ‘७४९०’ दशमान मोजणीसाठी व ‘७४४७’ सात रेषांच्या अंकदर्शकासाठी वापरात आले.

आर. सी. ए. कंपनीच्या १९६८ च्या ‘४०००’ मालिकेत रचना अगदी निराळी आहे. स्थिर अवस्थेत तीत प्रवाह जवळजवळ शून्य असतो, म्हणून विद्युतघटावरील उपकरणांस ती मानवली. तरीही या सीमॉस पद्धतीत नँडचेच पारडे जड राहिले. इलेक्ट्रॉन हे विवरांहून चपळ असतात, आणि नँडमध्ये एकापुढे एक जोडावे लागतात ते इलेक्ट्रॉनवाही ट्रांझिस्टर. नॉरमध्ये हीच पाळी मंद विवरवाही ट्रांझिस्टरांवर येते.