भिंतीवर न मावलेली नावं

माझं गाव कोरेगाव भीमा. ऑफिसात नव्या माणसाला हे सांगितलं की तो क्षणभर थांबतो आणि विचारतो, "म्हणजे ते स्तंभाचं?" हो, तेच. खरं तर स्तंभ नदीच्या अलीकडे, पेरणे गावाच्या हद्दीत आहे. पुण्याहून नगर रस्त्याने येताना आधी स्तंभ लागतो, मग भीमेवरचा पूल, मग आमचं गाव. लहानपणी आजोबा मला तिथे न्यायचे आणि म्हणायचे, "नावं वाच. मोठ्यानं वाच." एवढी नावं कशाला वाचायची, हे मला तेव्हा कळायचं नाही.

कळलं ते मुंबईत, एका चर्चमध्ये.

नोकरीमुळे मुंबईत राहायला आल्यावर एका रविवारी मित्रासोबत कुलाब्याला गेलो होतो. नेव्ही नगरच्या बाजूला झाडांमधून एक उंच टोकदार मनोरा दिसतो. ते सेंट जॉन चर्च. सगळे त्याला अफगाण चर्च म्हणतात. आत गेलं की नजर आपोआप वर जाते. दोन्ही बाजूंना टोकदार कमानी, समोर रंगीत काचांची उंच खिडकी आणि बाहेर मुंबईचं ऊन असूनही आत गारवा.

ही शैली गॉथिक. माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी कोडिंगची. त्यामुळे सौंदर्याच्या आधी मला प्रश्न पडतो, की हे सगळं पडत का नाही?

दगडाला दाब चालतो, ताण चालत नाही. म्हणून दगडाचं छत कमानीवर तोलतात. पण कमान भार नुसता खाली सोडत नाही, ती बाजूच्या भिंतींना बाहेरही ढकलते. अर्धगोल कमानीची उंची कायम रुंदीच्या निम्मी असते. त्यामुळे जुन्या युरोपीय चर्चच्या भिंती जाडजूड आणि खिडक्या लहान असायच्या. कमान टोकदार केली की दोन फायदे होतात. रुंदी तेवढीच ठेवून उंची वाढवता येते आणि बाहेरचा रेटा कमी होतो. टोकदार कमान आपल्याकडे नवी नव्हती. आमच्याच रस्त्यानं पुढे नगरला गेलात तर निजामशाहीच्या इमारतींत ती दिसते. गॉथिक कारागिरांनी तिला आणखी दोन गोष्टींची जोड दिली. छताला दगडी फासळ्या दिल्या आणि उरलेला रेटा पेलायला भिंतीबाहेर दगडी टेकू उभे केले. भार टेकूंवर गेल्यावर भिंतीचं काम संपलं. तिच्या जागी काच आली.

ही सुरुवात पॅरिसजवळच्या सेंट डेनिसला झाली, 1140 ते 1144 च्या दरम्यान. मग उंचीची चढाओढ लागली. आमियांच्या कॅथेड्रलचं छत 42 मीटरवर गेलं. बोव्हेच्या लोकांनी 48 मीटर गाठले आणि 1284 मध्ये त्यातला मोठा भाग कोसळला. सॉफ्टवेअर कोसळलं तर आम्ही मागची आवृत्ती परत चढवतो. त्यांना पुन्हा दगड रचावे लागले.

कुलाब्याचं चर्च हे त्या शैलीचं 700 वर्षांनंतरचं पुनरुज्जीवन. ते कॅथेड्रल नाही. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपचं आसन असतं ते चर्च. याची पायाभरणी 1847 मध्ये झाली, 1858 मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं आणि 198 फुटांचा मनोरा 1865 मध्ये पूर्ण झाला. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. मुंबईला नळाचं पाणी देणाऱ्या विहार तलावाच्या योजनेमागेही हाच इंजिनिअर होता. राजाबाई टॉवर, व्हीटी हे सगळं नंतरचं. म्हणजे गॉथिक मुंबईच्या सुरुवातीच्या इमारतींपैकी ही एक.

ती बांधली युद्धात मेलेल्यांसाठी. पहिलं अफगाण युद्ध इंग्रजांच्या सर्वांत मोठ्या पराभवांपैकी एक. जानेवारी 1842 मध्ये काबूलहून माघार घेणारी फौज डोंगरातल्या बर्फात जवळजवळ संपली. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे, त्यातले बहुतेक हिंदुस्थानी. या युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत गेलेल्यांचं हे स्मारक.

चर्चमध्ये एक लेख आहे. त्याचा अर्थ असा, की अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर लिहिली आहेत. हवालदार-शिपाई मात्र इतके मेले, की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही.

मी तो तीनदा वाचला. जितके जास्त मेले, तितके कमी आठवायचे? 198 फुटांचा मनोरा उभा राहिला, विलायती काच आली, फक्त नावांना जागा पुरली नाही.

गॉथिकमध्ये हे असंच असतं असंही नाही. आमियांच्या कॅथेड्रलच्या फरशीत 1288 मध्ये एक चक्रव्यूह बसवला, त्यात तीन वास्तुकारांची नावं कोरली: रॉबर्ट द लुझार्श, थॉमस द कॉर्माँ आणि त्याचा मुलगा रेनो. अर्थात दगड वाहणाऱ्यांची नावं तिथेही नाहीत. आमच्याकडे कोडची कुठलीही ओळ कुणी लिहिली ते एका कमांडमध्ये कळतं. दगडाला ती सोय नाही. जे कोरलं तेवढंच उरतं.

तेव्हा आजोबांचा स्तंभ आठवला. त्याला ना कमान, ना काच. साधा चौकोनी खांब. 1 जानेवारी 1818 ला कंपनीच्या सुमारे 800 सैनिकांनी पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेला दिवसभर थोपवलं. त्याची आठवण म्हणून कंपनीनं 1821 मध्ये तो उभारायला घेतला, स्वतःचाच गौरव करायला. त्यात काही उदात्त नव्हतं. पण त्यावर मेलेल्या शिपायांची नावं आहेत. 49 नावं, आणि त्यातली 22 'नाक'नं संपतात, म्हणजे महार सैनिकांची. ज्यांना गावात वेशीबाहेर राहावं लागत होतं, त्यांची नावं दगडात कोरली गेली.

म्हणूनच 109 वर्षांनी, 1 जानेवारी 1927 ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. आज लाखो लोक येतात, त्यातले कितीतरी ती नावं वाचतात. नावं नसती तर तो खांब कंपनीचाच राहिला असता. काबूलच्या बर्फात राहिलेल्या शिपायाच्या पणतूला कुलाब्यात येऊन बोट ठेवायला मात्र जागा नाही.

आजोबा आता नाहीत. हल्ली पुण्याहून गावी जाताना मी पुलाच्या अलीकडे उतरतो, नावं वाचतो आणि मग पूल चालत ओलांडतो. वाचतो मात्र मोठ्यानं.